लेखाशाखेचं टेबल

चौकशी समितीवर माझी नेमणूक झाल्याचं आमच्या साहेबांनी मला हसत हसतच सांगितलं. "जळगावला जायचंय तुम्हाला. तिथल्या एका बाईंनी त्यांच्या कार्यालयप्रमुखाविरुद्ध तक्रार केलीय. जातीवरून डावललं म्हणून. समितीत एक मागासवर्गीय सभासद लागतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचं मत काय असणार, ते आम्हाला आत्ताच माहिती आहे म्हणा!"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला एका सरकारी कार्यालयात लेखाधिकारी होतो. वडील बोदवडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या बौद्धवाड्यातून अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. साहेबांच्या बोलण्यावर मी हसलो. अशा वेळी हसायचं असतं, हे नोकरीने शिकवलेलं होतं. पण सायकल काढून घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. अजून कागद उघडला नाही, त्या बाईंना पाहिलं नाही, आणि माझा निकाल लोकांनी लावूनही टाकला होता.

बायको भाकरी थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "नाही म्हणा. बाईच्या बाजूने बोललात तर जातवाला म्हणून बोलला म्हणतील. विरुद्ध बोललात तर आपली माणसं दारात उभं करणार नाहीत."

"मी नाही म्हटलं तर दुसरं कोणी जाईल."

"मग जाऊ द्या ना दुसऱ्याला."

तिचं काही चुकत नव्हतं. तरी मी पारोळा-एरंडोलवरून जाणारी एसटी धरली.

समितीत आम्ही तिघं होतो. अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश, किडकिडीत, कानाला जरा कमी ऐकू येणारे. दुसरे सभासद दुसऱ्या खात्यातले कार्यकारी अभियंता, असोद्याकडच्या शेतकरी घरातले. घरची केळी, कापूस. मोठ्या आवाजाचा, दिलदार माणूस. मला पहिल्या भेटीतच त्यांनी भाऊसाहेब करून टाकलं आणि चहा मागवला. तिसरा मी.

पहिल्या सकाळी, साक्षीदारांना बोलावण्याआधी, अध्यक्षांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. विश्रामगृहातली खोली, उन्हाळ्याचे दिवस, खिडकीला वाळ्याचा पडदा. ते म्हणाले, "मी मुंबईला कायदा शिकत होतो तेव्हा हायकोर्टात ज्युरीचे खटले बघायला जाऊन बसायचो. नऊ साधी माणसं बाकावर. दुकानदार, कारकून, कोणी छापखान्यातला. सगळे पुरावे झाले की न्यायाधीश त्यांना समजावून सांगत, की कायदा माझ्याकडून घ्या, पण काय घडलं ते तुम्ही ठरवायचं. ज्युरी आता राहिली नाही. पण ते समजावणं मला फार आवडायचं. आज तुम्हाला तसंच काही सांगतो, चालेल ना?"

आम्ही मान हलवली.

"हा अधिकारी चांगला माणूस आहे की वाईट, हे आपल्याला ठरवायचं नाही. बाई स्वभावाने गोड आहेत की तिखट, तेही नाही. प्रश्न एवढाच, की बाकी सगळं असंच असतं आणि बाईंचा जन्म दुसऱ्या घरात झाला असता, तर त्यांना वेगळं वागवलं असतं का?"

अभियंता म्हणाले, "पण साहेब, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कसं कळायचं?"

"मनातलं कोणी दप्तरात लिहून ठेवत नाही. वागण्यावरूनच काढावं लागतं. तशाच जागेवरच्या दुसऱ्या माणसाशी तो कसा वागला, ते बघायचं. दिलेलं कारण टिकतं का, की विचारलं की बदलतं, ते बघायचं. पण कारण पटलं नाही म्हणून लगेच जातच असणार, असंही धरू नका. कारण नुसतं मूर्खपणाचंही असू शकतं. साहेब मूर्ख असणं हा काही गुन्हा नाही."

अभियंता मोठ्याने हसले. अध्यक्षांनी मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण आहात ते विसरा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. हे अभियंतासाहेब आपण कोण ते विसरत नाहीत, मीही विसरत नाही. फक्त ऐकून संपेपर्यंत कोणीच ठरवायचं नाही."

बोलणं योग्यच होतं. तरी ते माझ्याकडे बघून बोलले, हे मला टोचलं.

तक्रार तशी साधी होती. बाई जळगावातल्या त्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक. खात्याची लेखा परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झालेल्या. पण नोकरीत लागल्यापासून आवक-जावकच्या टेबलावर, म्हणजे आलेलं टपाल घ्यायचं, गेलेलं नोंदवायचं, शिक्के मारायचे. लेखाशाखेतलं टेबल दोनदा रिकामं झालं, दोन्ही वेळी दुसऱ्याला दिलं गेलं. पुढे मुख्य लिपिकाची जागा निघाली तेव्हा तिथल्या कार्यालयप्रमुख साहेबांनी सेवाज्येष्ठतेत बाईंच्या मागे असलेल्या माणसाची शिफारस केली. कारण दिलं, बाईंना लेखाशाखेचा अनुभव नाही.

चौकशी त्यांच्याच कार्यालयातल्या सभागृहात होती. दाराला कापडी पडदा, आणि पडद्याखालून बाहेर उभ्या माणसांच्या चपला दिसत होत्या. बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेर, फिकट निळी सुती साडी, हातात घट्ट धरलेली पिशवी. व्हरांड्यात माझ्या समोरून गेल्या तेव्हा त्यांचे ओठ हलले. 'जय भीम' म्हणणार होत्या बहुतेक. मग आजूबाजूला बघून त्यांनी नुसता नमस्कार केला. मीही नमस्कारच केला.

त्या सलग बोलल्या नाहीत. अडखळत, मध्येच तापत बोलल्या. "परीक्षा पास झाले तेव्हा पेढे घेऊन मी साहेबांकडे गेले. म्हटलं, आता लेखाशाखेत बसवा. साहेब म्हणाले, बघू. पुढच्या वेळी गेले, तेव्हाही बघू. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, बाई, आकड्यांचं काम तुमच्या लोकांना मानवत नाही, कशाला डोक्याला ताप करून घेता? टपाल बरं आहे की."

अध्यक्षांनी कानाला हात लावून ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. बाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज बारीक झाला.

"तेव्हा केबिनमध्ये दुसरं कोणी होतं?"

"शिपाई चहाचे कप उचलत होता."

समोर बसलेल्या साहेबांना प्रश्न विचारायची मुभा होती. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचे मिस्टर आजारी होते, तेव्हा माझ्या जीपमधून त्यांना सिव्हिलला कोणी नेलं?"

"तुम्ही."

"रजा शिल्लक नसताना कोणी मंजूर करवून आणली?"

"तुम्हीच. मी नाही म्हणत नाही. पण मी टेबलाचं विचारते, साहेब, आणि तुम्ही जीपचं सांगता."

अभियंत्यांनी भुवया उंचावल्या. त्यांना ते उत्तर उर्मट वाटलं. मला खरं सांगायचं तर वाक्य आवडलं, बाईंचा स्वर मात्र नाही. स्वर जरा मऊ असता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं, आणि असं वाटलं म्हणून लगेच स्वतःचाच राग आला. त्या साहेबांच्या स्वराबद्दल माझ्या मनात काहीच आलं नव्हतं.

शिपाई आला. पन्नाशीचा, साक्रीकडचा, टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"साहेब बाईंना काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलं का?"

त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं. "माले काही ठाऊक नही, साहेब. मी कप उचलस, बाहेर जास."

"भिऊ नका."

"भेव कसाना? ठाऊकच नही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या टेबलावरच्या हिरव्या कापडाकडे बघत राहिल्या. तो गेल्यावर अभियंता मला हळूच म्हणाले, "बिचारा आहे. मीही असतो तर हेच बोललो असतो." तेवढ्यापुरतं आमचं दोघांचं एकमत होतं.

त्या संध्याकाळी बाईंचे दीर मला भेटायला विश्रामगृहावर आले. शिक्षक होते, स्वच्छ लेंगा-शर्ट. मोकळेपणाने जय भीम केला. मी बसायला खुर्ची दिली, पण आधीच सांगितलं, "चौकशीवर आपल्याला बोलता येणार नाही, भाऊ."

"बोलायचं काय आहे त्यात? तुम्ही आपले आहात, एवढं पुरे आहे."

"मी समितीचा आहे."

पंखा घरघरत होता. उठताना ते म्हणाले, "त्या दोघांना कोणाला असं सांगावं लागलं असेल का हो, की मी समितीचा आहे, तुमचा नाही?"

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांची साक्ष झाली. माणूस मृदू, अदबीने बोलणारा. मी मनातल्या मनात त्यांना खलनायक करायला बघत होतो आणि ते होत नव्हते. ते म्हणाले, अनुभव नव्हता म्हणून शिफारस केली नाही. अध्यक्षांनी विचारलं, मग अनुभव मिळेल असं टेबल का दिलं नाही? ते म्हणाले, मार्चअखेरीला लेखाशाखेत उशिरापर्यंत थांबावं लागतं, बाईंच्या घरी आजारी माणूस, लहान मुलं, माझा हेतू चांगलाच होता.

"त्यांना विचारलं होतंत, थांबू शकाल का म्हणून?"

"विचारण्यासारखं काय होतं? परिस्थिती दिसत होती."

अभियंत्यांनी कागद चाळले. "पण साहेब, पहिलं टेबल रिकामं झालं तेव्हा यांचे मिस्टर धडधाकट होते. आजार पुढचा."

मला आश्चर्य वाटलं. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती त्यांच्या आली. साहेब म्हणाले, "तेव्हा... त्यांचं शाखेतल्या लोकांशी पटत नव्हतं. एकदोनदा वाद झाले होते."

तिसरं कारण. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "ज्यांना टेबल दिलंत, त्यांना त्याआधी लेखाशाखेचा अनुभव होता का?"

"नव्हता."

"लेखा परीक्षा पास होते?"

"एक जण नंतर झाला."

"मग काम कसं जमलं त्यांना?"

"बसल्यावर शिकतातच की सगळे."

ते वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. मग त्यांच्याच लक्षात आलं. चेहरा उतरला. आपण काय केलं ते त्या माणसाला बहुधा त्या क्षणी पहिल्यांदाच दिसलं असावं. आधी दिसलं असतं तर त्यांनी उत्तर तयार ठेवलं असतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण सूर्यप्रकाशात अचानक उघड्या पडलेल्या माणसाकडे बघताना अवघडायला होतं तसं झालं. मी नजर खाली घेतली.

निष्कर्ष लिहायला आम्ही तिघं बसलो तेव्हा अभियंता अस्वस्थ होते. पाणी पीत होते, उठत होते. "मी याला ओळखतो हो," ते म्हणाले. "याच्या मुलीच्या लग्नात मी जेवलोय. जातपात मानणारा माणूस नाही हा. आमच्याकडे शेतावर पाहिली मी तशी माणसं, वेगळं पाणी, वेगळी कपबशी. हा तसा नाही."

अध्यक्ष म्हणाले, "तसा नाही, हे मान्य. कपबशी वेगळी ठेवली नाही त्याने. टेबल वेगळं ठेवलं."

"मुद्दाम नाही ठेवलं."

"बैठक घेऊन ठरवलं असं मीही म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी दुसऱ्यांसाठी जो विचार केला, तो यांच्यासाठी केला नाही. आणि विचारल्यावर तीन कारणं सांगितली. चौथं तुम्हाला सुचतं का? न्याय्य असेल तर मी लिहून घेतो."

अभियंता बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. बाहेर केळीने भरलेला ट्रक रेल्वेच्या मालधक्क्याकडे चालला होता. मग ते माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, तुम्ही बोलत नाही."

मी सकाळपासून बोललो नव्हतो. बोललो तर माझं मत जातीचं वाटेल, म्हणून गप्प होतो. तेच त्यांना सांगितलं. म्हटलं, "तुम्ही बोललात की ते मत असतं. मी बोललो की ती माझी जात असते. त्यामुळे तुम्ही ठरवा आधी."

ते चटकन म्हणाले, "मी तसं कधी म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं."

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गप्प बसून तुमची जात लपत नाही आणि माझीही लपत नाही. तुम्हाला इथे बोलायलाच पाठवलंय. बोला."

मी बोललो. काय बोललो ते सगळं आज आठवत नाही. एवढं आठवतं की मी माझ्या बापाबद्दल, शाळेबद्दल, कशाबद्दलच बोललो नाही. परीक्षेबद्दल बोललो, रिकाम्या झालेल्या टेबलांबद्दल बोललो, त्यावर बसलेल्या दोघांबद्दल बोललो. अभियंता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लिहा. टेबल नाकारण्यात भेदभाव झाला, असं लिहा. मी सही करतो." मग जड आवाजात, "पण ते वाक्य मी मानणार नाही. साक्षीदार नाही त्याला."

त्या वाक्यावर आमचा बराच वाद झाला. बाई खरं बोलत होत्या, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. पण शिपायाने नाही म्हटलं होतं, साहेबांनी नाही म्हटलं होतं. वाटणं आणि पुराव्याने दिसणं या दोन गोष्टी आहेत, असं अध्यक्षांनी सांगितलं. नुसत्या वाटण्यावर मी एखाद्याची नोकरी धोक्यात घालायला तयार आहे का, असंही विचारलं. शेवटी आम्ही लिहिलं की सदर उद्गार काढल्याचे सिद्ध होत नाही. मात्र नेमणुका देताना बाईंना भेदभावाची वागणूक मिळाली, त्यांना लेखाशाखेत नेमावे आणि पदोन्नतीचा फेरविचार व्हावा. तिघांच्या सह्या झाल्या. अभियंत्यांनी सही केली आणि त्यानंतर चहा घ्यायला ते थांबले नाहीत.

वरच्या कार्यालयाने अहवाल स्वीकारला. बाईंना लेखाशाखा मिळाली, पण जळगावात नाही. प्रशासकीय सोयीसाठी म्हणून त्यांची बदली धुळ्याला झाली. साहेब काही महिन्यांनी बढतीवर नाशिककडे गेले. त्यांचा निरोप समारंभही झाला म्हणे. शिफारशीत 'लेखाशाखेत नेमावे' एवढंच होतं. कुठल्या गावच्या, ते आम्ही लिहिलं नव्हतं. तिघांपैकी कोणाला सुचलं नव्हतं.

बाई धुळ्याला आल्याचं मला कळलं होतं, पण त्यांच्याकडे मी मुद्दाम गेलो नाही. निकाल दिलेल्या माणसाने दारात जाऊन उभं राहणं मला बरं वाटेना. दोनेक वर्षांनी धुळ्याच्या बसस्थानकावर त्या भेटल्या. पिशवीत भरताची वांगी, डोक्यावर पदर. त्यांनीच हाक मारली, "जय भीम, भाऊ. ओळखलंत का?"

"जय भीम, ताई. ओळखलं की. कसं चाललंय?"

"मुख्य लिपिक झाले गेल्या साली."

मी मनापासून अभिनंदन केलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी साहेब मला जे बोलले, ते तुम्ही खोटं ठरवलंत ना?"

"खोटं नाही ठरवलं. सिद्ध झालं नाही, असं लिहिलं. फरक आहे त्यात."

"तुमच्यासाठी असेल. माझ्या कार्यालयात ते कागद आल्यावर लोक काय म्हणाले, ठाऊक आहे? बाईने साहेबाच्या तोंडी शब्द घातले. टेबल मिळालं, पण खोटारडी म्हणून मिळालं."

मी त्यांना पुराव्याचं काही समजावू लागलो आणि मध्येच थांबलो. पुराव्याचं त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. त्या आवाज न चढवता बोलत होत्या, जळगावात चढवला होता तसा नाही. म्हणूनच ते ऐकणं जास्त जड गेलं.

बदली झाली तेव्हा मोठा मुलगा दहावीला होता, म्हणून पोरांना त्यांनी जळगावला बापाजवळ ठेवलं आणि स्वतः धुळ्याच्या देवपुरात एक खोली घेऊन राहिल्या. शनिवारी जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचं. नवऱ्याचं दुखणं परत उलटलं. मुलगा दहावीत नापास झाला. धाकटी आईशी बोलेनाशी झाली, म्हणाली, तूच भांडण काढलंस. आता नवरा गेला होता, जळगावचं घर भाड्याने दिलं होतं आणि दोन्ही मुलं धुळ्यात होती. मुलगा पुन्हा परीक्षेला बसला होता.

जळगावची गाडी लागल्याचं ओरडून सांगितलं गेलं. त्यांना मात्र शिरपूरला, बहिणीकडे जायचं होतं. मी विचारू नये ते विचारलं, "ताई, हे सगळं आधी माहीत असतं, तरी तुम्ही तक्रार केली असती?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शिरपूरची गाडी येऊन उभी राहिली, माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू लागली, तशा त्या दाराकडे निघाल्या. पायरीवर पाय ठेवून माझ्याकडे वळल्या.

"केली असती," त्या म्हणाल्या. "पण पोरांना आधी धुळ्याला आणलं असतं."